तीन मिलिमीटर

नागभीडच्या अलीकडे, फाट्यावर,
बाबांच्या पंक्चरच्या दुकानात
मी आईची फिल्म उजेडाकडे धरली.
घमेल्यातल्या पाण्यात हात तसेच ठेवून
बाबांनी वर पाहिलं. म्हणाले,
"ट्यूबले पोट सुटलं."
नागपूरच्या डॉक्टरांना हेच सांगायला
पंधरा मिनिटं लागली होती.

डाव्या डोळ्यामागे,
धानाचा दाणा आडवा धरला तर असेल तेवढं.
फुटेल. किंवा नाही फुटणार.
वर्षाने पुन्हा बघू.

सहा वर्षं ती रोज रात्री एक गोळी घेते,
आरोग्य केंद्रातली, दहा मिलिग्रॅम,
डोकं दुखते म्हणून.
गोळीचा दुसरा उपयोग
सोनवाने सिस्टरांनी तिला सांगितला नाही.
माधोदादा गेला ते वर्ष
आमच्या घरात डोकेदुखी याच नावाने राहिलं.

आणि मी, तिची शिकलेली पोर,
तीच गोळी उंदरांना देते.
तीन कड्या एकमेकींना धरून असलेला तोच रेणू.
बावीस गोळीवाले, बावीस बिनगोळीचे,
सगळ्यांच्या धमनीची भिंत आम्हीच आधी
मऊ करून ठेवलेली.
मग काप, रंग, सूक्ष्मदर्शक :
कुणाला पोट सुटलं, कुणाचं फुटलं.

गोळीवाल्यांत कमी फुटलेले दिसले.
सरांनी विचारलं, मोजताना
पिंजऱ्याचे नंबर झाकले होतेस ना?
झाकले होते.
शेवटच्या आठवड्यात नव्हते.
तो आठवडा सांगून टाकला, खोडला.
दोन्ही रकाने जवळजवळ सारखे झाले,
आणि मला परतीच्या एसटीत
आईसमोर कोणतं तोंड घेऊन बसायचं
ते ठरवता आलं नाही.

ती लाखोळी निवडत होती.
"मंग, खाऊ का सोडू?"
"खा. डॉक्टर सांगतील तोवर खा."
"तुह्या उंदरायनं काही सांगतलं नाई?"
"नाही अजून."
सुपातला खडा तिने दाराबाहेर टाकला.
जरा वेळाने म्हणाली,
"झोप लागे का त्यायले? गोळीनं?"

चव्वेचाळीस ओळींचा तक्ता माझा.
वजन आहे, रक्तदाब आहे,
मेल्याची तारीख आहे.

बाहेर कुणाची तरी सायकल आली होती.
बाबा ट्यूब पाण्यात बुडवून
हळूहळू फिरवत होते.