सात नंबरच्या घराबद्दल, शपथेवर

तिकीट पंधरा डॉलर. पोरांना सात.
हातात कंदील, अंगावर वडिलांचा मेणकापडी कोट,
मागे दहा-बारा पाहुणे, लॉबस्टर खाऊन सुस्तावलेले.
मासळीचा कारखाना बंद पडला, तेव्हापासून
मी, अल्डन कॉर्कम, संध्याकाळी भुतं विकतो.

बरीचशी भुतं गावाची:
चर्चमागची सुईण, धक्क्यावरचा बिनडोक्याचा खलाशी.
त्यांचा सातबारा कुणाच्या नावावर नाही.

सात नंबरचं मात्र मी स्वतः घडवलं.
ऑगस्टातली धुक्याची रात्र, गिऱ्हाइकं तीन,
त्यातलं एक जांभया देणारं.
समोर हिरव्या झडपांचं घर, कुंपणाला 'विकणे आहे'ची पाटी,
वरच्या खिडकीत दिवा.
उचलली जीभ लावली टाळ्याला:
"बुडालेला माणूस जिना चढतो इथे.
ओल्या बुटांचा आवाज येतो.
सकाळी पायऱ्यांवर मीठ सापडतं."
जांभई अर्ध्यात मिटली.
ते मीठ मला फार आवडलं. मग रोज सांगितलं.

नोटीस ऑक्टोबरात आली, जाड कागदावर.
हॅलिफॅक्सचं एक जोडपं घर घेणार होतं,
हातात हात द्यायचा बाकी होता,
आणि त्यांनी माझी फेरी केली.
पुढेच उभे होते दोघं. टीपसुद्धा दिली.
दुसऱ्या दिवशी व्यवहार मोडला.
पुढचं गिऱ्हाईक बेचाळीस हजारांनी खाली.

माझ्या वकील बेझनसनबाई चष्मा पुसत म्हणाल्या,
"माणसाची अब्रू जाते, तशी घराचीही जाते, कॉर्कम.
बोललात ते खोटं होतं,
खोटं आहे हे ठाऊक असून बोललात,
आणि त्यापायी समोरच्याच्या खिशाला खार लागला,
एवढं त्यांनी दाखवलं की संपलं.
खार तर बँकेच्या कागदावरच आहे."

मी म्हटलं, "पण भूत नाही, हे सिद्ध कोण करणार?"
मोठा पेच टाकला असं वाटलं मला.
बाई हसल्या नाहीत.
"आणि आहे, हे तुम्ही करणार?
समन्स कुठल्या पत्त्यावर पाठवू?"

तडजोडीची बैठक वाचनालयाच्या तळघरात.
थेल्मा झ्विकर, वय एक्क्याऐंशी,
पर्स मांडीवर घट्ट धरून.
वाटलं, पैशांचं बोलेल.

"दिवा मी लावते," ती म्हणाली.
"त्या फेब्रुवारीत बोट गेली, पाचही माणसं गेली.
चौघं मिळाली. माझा मर्डॉक नाही.
तेव्हापासून शेहेचाळीस वर्षं
जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून ऐकलंय मी.
पाइप कुरकुरतात. उंदीर पळतात. फ्रीज दचकून थांबतो.
बूट नाही. ओलं काही नाही.
मीठ म्हणतोस? रोज सकाळी पायऱ्या मी पुसते.
एकदा तरी आला असता,
तर घर विकायला काढलं असतं मी?"

हीटर तेवढा घरघरत होता.
मग त्यांच्या वकिलाने, जरा लाजतच,
वहीत काहीतरी लिहून घेतलं.
खोटं असल्याचं सिद्ध झालं होतं.

मर्डॉकबद्दल मला ठाऊक होतं का?
आमच्या गावात सगळ्यांना सगळं ठाऊक असतं.
त्या रात्री आठवलं नाही, असं मी लिहून दिलं.

साप्ताहिकात चौकटीत माफी. नऊ हजार, हप्त्याहप्त्याने.
वसंतात घर एका दंतवैद्याने घेतलं.
थेल्मा टेकडीवरच्या वृद्धाश्रमात,
तिथे लिफ्ट आहे.

फेरी चालू आहे.
सात नंबरपाशी मी कंदील उतरवतो, पाय उचलतो.
परवा मागून कुणी कुजबुजलं,
"बघ, इथे तो गप्प झाला."
गप्प बसण्याबद्दलही नोटीस येते का,
विचारायला हवं बेझनसनबाईंना.

थांबलो. वळलो. वरची खिडकी काळी.
नवे मालक लवकर झोपतात.
"या घरात कुणीही येत नाही," मी म्हटलं,
"शपथेवर सांगतो. साक्षीदार आहे."

त्या रात्री कुणी टीप दिली नाही.