साडेसतरा गुंजा

प्रेस बंद झाली तेव्हा मालकांनी मशीन हुबळीला विकलं,
कागद वजनावर घातला,
आणि मला म्हणाले, "कीबोर्ड तेवढे तू ने की,
त्यांना कोण विचारतंय."
बावीस होते. पोत्यात भरताना
पावटे सोलल्यासारखा आवाज झाला.

दावलबी झारेकरीण शहापुरात राहते, गल्लीच्या पार टोकाला.
तिचा आजा सराफांच्या दुकानांतला केर विकत घ्यायचा,
पहाटे गटाराचा गाळ उपसायचा,
आणि घमेलं हलवत, हलवत,
दुसऱ्यांच्या कानशीतून सुटलेलं सोनं धुऊन काढायचा.
आता सराफ केर विकत नाहीत.
"म्हणून हे धुते," ती म्हणाली.
"कचरा बदलला, खरं घमेलं तेच."

तिनं पाठ उघडली.
मला वाटलं होतं, आत तारा असतील, काहीतरी गुंतागुंत असेल.
एकोणीस वर्षं ज्यावर बोटं आपटली
तो आतून नुसते रबराचे फुगे
आणि दोन पारदर्शक पानं.
पानांवर राखाडी रेघा, मुंग्यांनी पाडलेल्या वाटांसारख्या.
"हीच बेळ्ळी."
चांदी ती कानडीत मोजते,
घासाघीस मराठीत करते,
आणि नातवाला रागावते दखनीत.

त्यातली एक रेघ कान्याची होती.
काना सगळ्यांत आधी झिजला, मग क, मग र.
सकाळी मराठी पत्रिका, दुपारी कानडी.
लिपी बदलली तरी क त्याच बटणाखाली असायचा;
बोट तेच, पडद्यावर वळण वेगळं.
पाट्यांवरून भांडणाऱ्यांना
मी हे कधी सांगितलं नाही.

चूक एकदाच झाली.
अनगोळच्या एका मुलीच्या नावामागे
कु. च्या जागी कै. पडलं.
तीनशे पत्रिका.
तिच्या बापानं प्रेसच्या दारात उभं राहून एकेक फाडली.
मुलगी मात्र तोंडावर ओढणी धरून हसत होती.
एक पत्रिका तिनं हळूच पर्समध्ये टाकली, मी पाहिलं.
ती रेघही ह्यातच असणार.

चार कीबोर्डांची पानं दावलबीनं बाजूला फेकली.
"नवा माल. ह्यात बेळ्ळी इल्ल, नुसतं काजळ."

बाकीची कापली, तेजाबात सोडली.
तांबूस धूर उठला.
परसात वाऱ्याकडे पाठ करून आम्ही उभ्या,
तोंडाला पदर, तरी घसा खवखवला.
रेघा विरल्या. प्लास्टिक कोरं.
मग मिठाचं पाणी ओतलं
तसं तळाशी दह्यासारखं काही बसलं,
उन्हात जांभळट व्हायला लागलं
म्हणून तिनं वर पोतं टाकलं.
मग कॉस्टिक. मग साखर.

"साखर?"
"संकेश्वरची," ती म्हणाली,
जणू मी कुठली तेच विचारलं होतं.

दही काळवंडलं, त्याचा राखाडी चिखल झाला,
चिखल मुशीत, वर चिमूटभर टाकणखार,
आणि ज्योत.
बराच वेळ काहीच नाही.
मग एकदम ते गोळा झालं, थरथरलं,
डोळा उघडावा तसं चमकलं
आणि थिजलं.

वाटाण्याहून लहान मणी.
कीबोर्डाला एक गुंज, असा तिचा हिशेब.
अठरा यायला हव्या होत्या.
तिनं पुन्हा तोलून पाहिलं: साडेसतरा.
"अर्धी तू झिजवलीस," म्हणाली, आणि स्वतःच हसली.

मी तो तळहातावर घेतला.
अजून कोमट होता.
कुठूनही फिरवला तरी त्यावर
एक अक्षर सापडलं नाही.

"ह्याचं काय होणार?"
"सराफाला देईन. जोडव्याला झाळ लागते त्यांना."
"कुणाच्या?"
"मला काय ठाऊक. ज्या बोटाला बसेल त्याच्या."

मग तिनं साखरेचा तोच पुडा उचलला,
आत जाताना दारातून वळून म्हणाली,
"च्या ठेवते. भिऊ नको,
भांडं वेगळं हाय."