घडी

मुंडक्याच्या मागच्या भोकातून
लांब दांड्याचा चमचा घालून
मी मेंदूचं देठ काढते.
शरदात दिवसाला दीडशे, कधी दोनशे.
हाताला सवय झाली, नाकाला नाही.
कत्तलखान्यातली पोरं रेडिओ लावतात,
मी चिठ्ठ्या लावते:
कानातल्या बिल्ल्याचा आकडा, खोऱ्याचं नाव, तारीख.

एविंदुरची मेंढी मात्र अख्खी आली,
त्याच्याच गाडीतून, दोन घाट ओलांडून, जिवंत.
"कुंपणाच्या खांबाला अंग घासते," तो म्हणाला,
"पाठ खाजवली की ओठ हलवते,
काही खात असल्यासारखी."
बास. पुढे काही विचारलं नाही त्याने.
आइसलँडमध्ये या रोगाला नुसतं रीदा म्हणतात, थरथर.
होडीत बसून कुणी बुडण्याचं नाव काढत नाही
तसं त्याने ते काढलं नाही.

फॉर्मॅलिन, मेण, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप,
मग गुलाबी, मग जांभळा.
भिंगाखाली पेशी
आणि पेशींच्या आत गोल, स्वच्छ पोकळ्या,
पावाच्या तुकड्यात असतात तशा.
मी ताट बाजूला सारावं तशी काच सारली
आणि पुन्हा ओढून घेतली.

जंतू असता तर बरं.
जंतूला पोट असतं, पिलावळ असते, मरण असतं.
ही तर प्रथिनाची एक घडी, चुकीची पडलेली.
शेजारणीला म्हणते, अशी पड,
आणि ती पडते.
उकळून मरत नाही, कारण जगतच नाही.
मातीत थांबते, दावणीच्या लाकडात थांबते,
धनी बदलला तरी थांबते.
तिच्या जातभाई हरणांत आहेत,
गाईतून माणसांत गेलेल्याही आहेत.
भाच्याने विचारलं, मावशी, तुला होईल?
मेंढीची माणसाला होत नाही, मी म्हटलं.
दुसऱ्या दिवशी हातमोजे दोन-दोन घातले.

तीनशे बारा.
सकाळी सुरू झालं, दिवेलागणीला खड्डा बुजला.
मग गोठ्याच्या फळ्या जाळल्या,
जमीन वीतभर खरवडून नेली.
कागदावर मी लिहिलं होतं, "निदान निश्चित."
त्या दोन शब्दांनी
एका घराची घडी विस्कटली ती विस्कटलीच.
हाल्डिस म्हणे मे महिन्यात अजून पहाटे तीनला उठते,
विण्याच्या वेळेला,
बूट घालते आणि उंबऱ्यावर उभी राहते.

दोन हिवाळ्यांनी जनुकं वाचायचं यंत्र आलं.
फ्रीझरमधल्या जुन्या नळ्या आम्ही एकेक वितळवल्या.
मेंढीच्या अंगातल्या त्या लांबलचक पोथीत
एका जागी एक अक्षर वेगळं असलं
तर चुकीची घडी पडता पडत नाही.
गावोगाव आम्ही तेच अक्षर शोधत होतो.
सापडलं. चार हजार चारशे एकाहत्तर.
खड्ड्यातल्या तीनशे बारांपैकी एक.
अक्षर माझं, चिठ्ठीवरचं.
चमचाही माझाच असणार.

फोन तीनदा उचलला, तीनदा ठेवला.
चौथ्यांदा त्यानेच घेतला.
सांगितलं सगळं, यंत्रासकट, अक्षरासकट,
जणू लांबण लावल्याने ती परत येणार होती.
"आकडा नको, स्टेइनुन," तो म्हणाला, "थांब."
कळपाची वही काढल्याचा आवाज,
पानं, चष्म्याची डबी.
"थोका," तो म्हणाला. म्हणजे धुकं.
"करडी होती. डोंगरावरून कळप उतरवताना
दरवर्षी मागे राहायची.
सगळ्या मेंढ्या वाड्यात मोजून व्हायच्या,
आम्ही कॉफी प्यायला बसायचो,
आणि मग ही यायची, एकटी."

मी काही बोलले नाही.
मागे किटली वाजत होती.
"पिल्लू होतं तिचं एक," तो म्हणाला,
"आदल्या वर्षी विकलेलं. पूर्वेच्या खाडीत कुणाला तरी.
पावती शोधतो."