नावाआधीची जागा

जिनिंगची भिंत, पारोळा नाका, अमळनेर.
अठ्ठ्याहत्तर साली मी पहिल्यांदा लिहिलं :
हिलाल पुंजू सोनवणे.
आधी काही नाही, मागे काही नाही.
गेरू संपत आलेला, म्हणून ‘णे’ फिका.
पंचायत समितीची निवडणूक. शिडी त्याच्याच घरची
आणि शिडीखाली तो स्वतः, डबा धरून :
“भाऊ, मना ‘हि’ जरा मोठा काढ,
मायले दूरथीन दिसाले पाहिजे.”
मायला वाचता येत नव्हतं.

मग ‘मा.’ आलं.
डबा धरायला दुसरे आले.
मग ‘आ.’, मग एका पावसाळ्यात ‘ना.’,
राज्यमंत्री, खातं कुठलं ते कुणालाच नीट माहीत नव्हतं.
त्या वर्षी गेरू नाही, ऑइलपेंट, तोही उधार.
तीनशे चाळीस रुपये.
मी वहीत मांडले. वहीत नुसतं ‘हिलाल’.

‘खा.’ झाल्यावर दिल्लीत बोलला म्हणे एकदा
आपल्या रेल्वेगेटावर, पूल हवा म्हणून, सव्वा मिनिट.
मग घंटी वाजली.
घंटी इथेही वाजते, गेट पडताना.

लग्नाला यायचा, दशक्रियेला यायचा,
म्हैस कितवी व्याली ते नावानिशी विचारायचा,
आणि सूतगिरणी म्हटलं की घड्याळ बघायचा.
माझे पाचशेचे शेअर बुडाले त्यात.
तरी मत त्यालाच दिलं.
का, ते विचारू नका.

पडला त्या रात्री
अकराच्या पुढे दार वाजलं.
गाडी नाही, पोरं नाहीत, खांद्यावर शिडी.
“चुना शे का रे?”
दोघांनी मिळून त्याचं नाव पुसलं.
‘खा.’ त्यानंच पुसलं, दोन फटक्यांत.
‘हि’पाशी कुंचला थांबवून उभा राहिला,
मग माझ्या हातात दिला.
जाताना तीनशे चाळीस मोजले,
सगळ्या दहाच्या नोटा.

काल नातू आला.
वाचनालयाच्या पाटीवर दोन खुणा वाढवायच्यात.
पाटी मीच रंगवलेली, नाव अगदी कडेला चिकटून.
आधी अजून काही यायचंय
हे तेव्हा डोक्यातच नव्हतं.
“काका, ‘कै.’ बारीक काढा ना.”
दोन मात्रा, त्या बारीक कशा काढू?

म्हटलं, शिडी आण.
घरची.