परत म्हण

वाण्याकडे पाठवताना पद्माकाका
यादी कधी लिहून देत नसे.
अर्धा किलो पोहे, पावभर शेव, जिरावणाची पुडी,
आणि मग: परत म्हण.
मी म्हणायची. शेव पोह्यांच्या आधी आली
की हात वर. पहिल्यापासून.
"कानावर पडलं म्हणजे कळलं असं नसतं, बाई.
तुझ्या तोंडून ऐकू दे मला."

अख्ख्या सुदामानगरात इतका कटकट्या माणूस नाही
असं आम्हा पोरांचं एकमत होतं.

सत्तावीस वर्षं तो बिजासनच्या टेकडीशेजारी
काचेच्या एका खोलीत बसला.
प्रत्येक विमानाची एक कागदी पट्टी,
पेन्सिलीनं वेळ, उंची, कुठून, कुठे.
उतरलं की पट्टी उचलायची. बस.
रद्दीत जायच्या पट्ट्या तो घरी आणायचा,
त्यांच्या कोऱ्या बाजूवर माझे अपूर्णांक.
तीन छेद आठ चुकत असताना
पाठीमागे कुणीतरी जानेवारीच्या धुक्यात
भोपाळकडे निघालेलं असायचं.

त्या माणसांचे चेहरे त्यानं पाहिले नव्हते.
आवाज ओळखायचा. हा सर्दीचा, हा नवखा,
हा घरी भांडून आलेला.
हद्द संपली की पुढचा नंबर द्यायचा
आणि सोडून द्यायचं.
शर्वरी टोरांटोला गेली तेव्हा
गच्चीवर दुर्बीण घेऊन उभा होता,
ठिपका दिसेनासा झाल्यावरही बराच वेळ.
खाली येऊन एवढंच: "गेली आपल्या हद्दीतून."
मग चहात साखर कमी आहे म्हणून
काकूशी वाद घातला.

नोकरीतली एकच गोष्ट त्यानं सांगितली,
तीही काकूनं खोदखोदून विचारल्यावर.
धावपट्टीच्या मधोमध एक लंगडं कुत्रं.
जीप धावली, शिट्ट्या झाल्या, ते हलेना.
वर ॲव्रो, चाळीस माणसं, गोल गोल, अकरा मिनिटं.
"वर ते, खाली हे, आणि मधे मी."
उतरल्यावर एक बडी असामी तक्रारवहीत लिहून गेली,
विनाकारण विलंब.
काका हसला. कारण कुणाला कळू नये
याचाच तर पगार होता, म्हणाला.
ते कुत्रं पुढं आमच्या फाटकाशी आठ वर्षं झोपलं.
काकानं नाव ठेवलं होल्ड.
होल्ड, इकडे ये! असं आम्ही ओरडायचो
आणि ते बिचारं
जागच्या जागी शेपूट हलवायचं.

स्वतः मात्र मुंबईला जायचा अवंतिकेनं,
खालचा बर्थ, पाण्याची सुरई.
विमानात का नाही?
"तिथं माझ्या हातात काय असतं?"

शेवटची चार वर्षं कान गेले.
यंत्र सुपारीच्या डब्यात पडलेलं.
जेवण झालं का, औषध घेतलंस का,
शर्वरीचा फोन आहे, काका, शर्वरीचा,
आणि तो हात कानामागे धरून:
परत म्हण.
आम्ही कंटाळायचो. खरं सांगते,
कधी कधी नुसतीच मान हलवून
पुढं निघून जायचो.

पंचकुइयाला ऊन कलतं होतं.
लाकडं रचून झाली, गुरुजींना घाई होती,
तेवढ्यात डोक्यावरून मुंबईचं विमान गेलं.
कुणी वर पाहिलं, कुणी खाली.
माझा हात आपोआप घड्याळाकडे.
सात मिनिटं उशीर.
सांगायला म्हणून मी वळलेसुद्धा.

घरी आलो. काकू ओट्याशी पाठमोरी.
बायका तिला बसवत होत्या, ती बसत नव्हती.
"साडेपाचला नर्मदेचं पाणी येईल.
टाकी भर, मोटर बंद कर, फाटकाला कडी लाव."
हो, म्हटलं.
ती वळली नाही. थांबून राहिली.
तेव्हा मला समजलं, आणि मी म्हणाले:
टाकी. मोटर.

"फाटक," काकू म्हणाली.
"पहिल्यापासून."