एकोणीस

रात्री अकरा ते पाच, एवढीच परवानगी.
पोलिसाने बॅरिकेड ओढलं, पहिला चहा त्यालाच दिला,
मग इरफान आणि मी पुलाखाली गेलो.
वरचा गाळा गेल्याच आठवड्यात उतरवलेला,
नुसते खांब उरलेत, खडकीकडे तोंड करून.

खांबाला दुपारीच आरपार भोक पाडलं होतं.
त्यातून तार ओवायची.
सुईत दोरा ओवताना माणूस जीभ दातांत धरतो
तशी मी धरतो, बावीस वर्षं झाली तरी.

तारेवर मणी, मीटरला चाळीस.
मण्यांत हिरे, पण अंगठीतले नव्हेत.
करडे, भातात दाढेखाली येणाऱ्या खड्यासारखे.
लग्नाआधी शालनला सांगितलं, हिऱ्यांचं काम करतो,
तर तिने माझे हात उलटेपालटे करून पाहिले.

तारेच्या रेषेत उभं राहायचं नाही.
नव्या पोराला ही एकच गोष्ट मी तीनदा सांगतो.
तुटली तर मणी गोळीसारखा येतो,
आणि गोळी निदान कुणीतरी झाडलेली असते.

पाणी सोडलं. पुली फिरली.
आधी काँक्रीटची घरघर, म्हाताऱ्या कुत्र्यासारखी.
मग सळई लागते
आणि आवाज पातळ होत दातांच्या मुळांत जातो.
डोळ्यांना फक्त राखाडी ताक दिसतं
बुटांवरून मुळेकडे निघालेलं,
आणि त्याला अडवायला लावलेल्या, गळणाऱ्या गोण्या.

साडेतीनला क्रेनने तुकडा उचलला.
टॉर्च मारला. कापलेलं तोंड गुळगुळीत:
काळी खडी, वाळू, शिंपल्याची एक कपची,
गोणपाटाचा धागा,
आणि सळयांची टोकं, नव्या नाण्यांसारखी.

मी मोजली. सवय आहे.
ड्रॉइंगमध्ये चोवीस.
इरफानने मोजली, बोट लावून, उलट्या बाजूने.
एकोणीस.

ठकार मॅडम आल्या, हेल्मेट सावरत.
म्हणाल्या, तोडायचाच होता ना.
मग ओठ हलवत त्यांनीही मोजली.

पाच सळया कुणाच्या स्लॅबमध्ये गेल्या असतील,
की नुसत्याच बिलात वाकल्या.
तो ठेकेदार आता हार घातलेल्या फोटोत असेल.

पण पूल उभा राहिला. सदतीस वर्षं.
दापोडीच्या बस, उसाचे ट्रक,
रणगाडा लादलेला लष्कराचा ट्रेलर,
मामाच्या लूनावर डबलसीट, दहावीच्या भूमितीला निघालेला मी.
एकोणिसांनी चोविसांचं ओझं वाहिलं
आणि कुणाजवळ बोलल्या नाहीत.

पाइप घेऊन मी ते तोंड धुतलं.
गरज नव्हती, सकाळी ब्रेकर त्याचा चुरा करणार होता.
इरफान म्हणाला, चल, पुढचा.

तार ओवली. या वेळी डोळे मिटून
कानानेच मोजत राहिलो.
चौदापर्यंत आलो
तेवढ्यात पोलिसाने शिट्टी वाजवली.
पाच वाजले होते.