गोठवलेली दुर्बीण

पेनसिल्व्हेनियात, हार्लन क्रायडरच्या तळघरात
व्हर्ना हॉस्टेटर दोन वर्षांची चूक घेऊन आली.
चार गोळ्या एका भोकात,
पाचवीचा नेम नाही.
क्लबातले म्हणाले, वय झालं.
तिलाही ते पटलं होतं. कॉफी सोडली,
श्वास मोजले, बोटाला बोल लावला.

हार्लननं काही विचारलं नाही.
लोखंडी ठोकळ्यावर तिची दुर्बीण, शेजारी स्वतःची,
दोन्हींच्या फुल्या भिंतीवरच्या एकाच टाचणीवर.
मग लाकडी हातोडीनं बारीकशी टकटक.
"बघ."
एक फुली टाचणीवरच. दुसरी
चोरपावलांनी केसभर डावीकडे.

आतली नळी स्प्रिंगवर टेकलेली असते, तो म्हणाला,
दणका बसला की परत जागेवर येतेच असं नाही.
त्यानं ती दुरुस्त केली नाही.
इपॉक्सी ओतून कायमची थिजवली,
वरची दोन्ही बटणं काढून भोकं बुजवली.
आता काय फिरवायचं ते बाहेरून,
बैठकीच्या स्क्रूंनी.
"पुन्हा उघडेल?"
"नाही," म्हणाला, आणि साठ डॉलर घेतले.

शनिवारी, शंभर यार्डांवर,
वाऱ्याच्या फिती लोंबत असताना,
चार गोळ्या एका भोकात.
पाचवी उजवीकडे, चांगली वाटाण्याएवढी लांब.

शेजारच्या बाकावरून कुणी म्हणालं, पुन्हा दुर्बीण का?
छे, व्हर्ना म्हणाली,
ही माझी.
गरम नळीवर तळवा टेकून ती
बराच वेळ बसून राहिली.
तो कागद तिनं घडी न घालता
घरी नेला.